रोपवाटिकेतील एक वर्ष

मृगाचा पहिला पाऊस पडून चारच दिवस झाले होते. काटोलकडील एका खेड्यातील आमचे एक उपदेशक बंधू सकाळच्या एस. टी. ने नागपुरास उतरले आणि थेट महालात आमच्या घरी आले. खांद्यावरच्या पिशवीत रुपये होते. ते त्यांनी आपली बैलजोडी विकून आणिले होते. विहिरीखालील दीड एकरात संत्र्याची बाग लावावयाची, दीडशे कलमे आजच्या आज विकत घ्यावयाची आणि दिवे लागण्याच्या आत गावी परतावयाचे, असा त्यांचा बेत होता. त्या आठवड्यात महालातील रस्त्यांवर हातगाड्यांत रोपेच रोपे दिसत होती. एका गाडीवाल्याने त्यांस संत्र्याच्या कलमांचा भावही सांगून टाकिला होता, व तो ऐकून आमचे बंधू फार संतुष्ट झाले होते.

आम्ही त्यांस पाणी दिले, चहा दिला, आणि विचारिले, "भाऊ, खड्डे केव्हा खणले?" खड्डे अजून खणावयाचे होते. "कलमांस खुंट कशाचा आहे?" ह्या प्रश्नाचा अर्थच त्यांस कळला नाही. तेव्हा, जी गोष्ट आम्ही सहसा कोणास सांगत नाही, ती आम्हांस त्यांस सांगणे भाग पडले.

आमचे वडील खेड्यातील शाळेत शिक्षक होते. आम्ही अकरा-बारा वर्षांचे असता त्यांनी दोन एकरांत सव्वादोनशे कलमे लाविली. ती विकणारा कोण व कोठला हे सांगण्याचे कारण नाही, कारण निम्मी चूक आमच्या घरचीच होती. त्या कलमांचा सांधा जमिनीपासून जेमतेम चार बोटे वर होता. आम्ही भावंडांनी मोठ्या उत्साहाने प्रत्येक रोपाभोवती माती ओढिली, पायांनी घट्ट दाबिली, आणि सांधा मातीखाली गेला. झाड तहानलेले राहू नये म्हणून उन्हाळ्यात खोडास लागूनच आळे करीत असू व त्यात पाणी तुंबवीत असू. पाच वर्षे बाग हिरवीगार होती. येणारा-जाणारा थांबून पाहत असे. सहाव्या वर्षी आंबिया बहराची फुले आली, आणि त्याच पावसाळ्यात बुंध्याशी तपकिरी डिंक ओघळू लागला. पाने पिवळी पडली, साल कुजून सुटू लागली. पुढील दोन पावसाळ्यांत सव्वाशे झाडे उभ्या उभ्या वाळली. विहिरीसाठी काढिलेले कर्ज बागेच्या भरवशावर होते. ते फेडण्यास अखेर जमीनच विकावी लागली.

हे ऐकून आमचे बंधू बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तर मग यंदा लावू नये काय?" आम्ही म्हणालो, "यंदा पाहावे, पुढल्या वर्षी लावावे." त्या जमिनीत त्यांनी तुरीचे पीक घेण्याचे ठरविले, रुपये पोस्टात ठेविले, आणि त्या दिवसापासून पुढील मृगापर्यंत आम्ही दोघे, कधी एकत्र, बहुधा आम्ही एकटेच, एका रोपवाटिकेत वरचेवर जात राहिलो. तेथे जे पाहिले व शिकलो ते ह्या पत्राच्या वाचकांपैकी ज्यांस थोडी ओलिताची जमीन आहे त्यांच्या उपयोगी पडेल, म्हणून येथे लिहीत आहो.

महालात राहणाऱ्याने संत्र्याविषयी लिहावे ह्यास आणखी एक कारण आहे. संत्रे हे ह्या मातीतील मूळचे झाड नव्हे. महालात ज्यांचा वाडा आजही उभा आहे त्या भोसले घराण्यातील रघुजीराजे ह्यांनी १८९० नंतरच्या दशकात, त्या वेळच्या औरंगाबादेहून, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगराहून, संत्र्याची रोपे आणवून आपल्या बागेत लाविली, असे सांगितले जाते. त्या राजबागेतून ते काटोल, नरखेड, वरूड, मोर्शी ह्या भागांत पसरले. आज वरूड तालुक्यातील शेंदुरजना घाट हे गाव तर संत्र्याची कलमे करण्यासाठीच प्रसिद्ध आहे. नागपुरी संत्र्यास २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. परक्या मुलखातून आलेल्या रोपाने ह्या शहरास आपले नाव दिले, ही गोष्ट आम्हांस नेहमी मौजेची वाटते.

रोपवाटिका आमच्या घरापासून कोसभर आहे. गांधी दरवाजातून बाहेर पडून शुक्रवारी तलावाच्या काठाने, कॉटन मार्केटवरून सीताबर्डीकडे जाताना महाराजबागेची मोठी झाडे दिसू लागतात. ही बागही मूळची भोसल्यांचीच. पुढे ती कृषी महाविद्यालयाकडे गेली. ती ओलांडून पुढे गेले म्हणजे आमची रोपवाटिका लागते. तेथील माळी वयाने सत्तरीच्या घरात आहेत व संत्र्याचे डोळे बांधण्यात त्यांची हयात गेली आहे. आम्ही त्यांस काकाजी म्हणतो.

पहिल्या दिवशी आम्ही हिरव्या जाळीखाली शिरलो तेव्हा आमच्या बंधूंनी विचारिले की, ह्यासच ग्रीनहाऊस म्हणतात काय? होय आणि नाही. विलायतेत हरितगृहाचा जन्म संत्र्यामुळेच झाला, हे पुष्कळांस ठाऊक नसेल. तिकडील हिवाळ्यात संत्र्याचे झाड जगत नाही. म्हणून राजेरजवाडे मोठमोठ्या खिडक्यांची दालने बांधीत, लाकडी पेट्यांत लाविलेली संत्र्याची झाडे थंडीपूर्वी आत नेत व उन्हाळा लागताच बाहेर काढीत. फ्रान्सच्या राजाने व्हर्साय येथे १६८४ ते १६८६ ह्या काळात असे जे विशाल दालन बांधविले ते आजही वापरात आहे. त्या दालनांस संत्र्यावरूनच नाव पडले होते. काचेची घरे सर्रास झाली ती त्यानंतर. म्हणजे तिकडे रोपास ऊब मिळावी म्हणून घर बांधावे लागते. आमच्या नागपुरात मात्र ऊब इतकी आहे की ती आवरावी कशी हाच प्रश्न. २३ मे २०१३ रोजी येथे उष्णतामान ४७.९ अंशांवर गेले होते. अशा दिवशी बंद काचेच्या घरात रोपे ठेविली तर ती शिजूनच निघतील. म्हणून येथील घर म्हणजे चारी बाजूंनी वारा खेळणारी, निम्मे ऊन गाळणारी जाळी. थंड देशातील युक्ती उष्ण देशात आणिताना ती उलटी करून घ्यावी लागली.

पावसाळ्यात रोपवाटिका सर्वांत सुंदर दिसते, आणि काकाजींची झोप सर्वांत कमी होते ती त्याच दिवसांत. विक्री तेव्हाच, आणि रोगही तेव्हाच. आम्ही पाहिले की रोपांच्या पिशव्या थेट जमिनीवर न ठेविता खडीच्या थरावर मांडिल्या होत्या. कारण विचारिले तेव्हा ते म्हणाले, "पाणी साचलं का रोप गेलं जी. वरून काई दिसत नाई, मुयाले आधी लागते." वडिलांच्या बागेत जे झाले त्याचे कारण आम्हांस त्या वाक्यात सापडले, आणि मग आम्ही त्यावर थोडे वाचनही केले.

मातीत फायटोफ्थोरा नावाचा, बुरशीसारखा दिसणारा एक अतिसूक्ष्म जीव असतो. नावाचा अर्थ वनस्पतिनाशक असा आहे, व ते नाव द बारी नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८७६ साली दिले. ह्याचे बीजाणू पाण्यात अक्षरशः पोहतात. माती ओली चिंब झाली की ते मुळाकडे किंवा सालीच्या भेगेकडे जातात, आणि मूळकुज, पायकुज व डिंक्या हे रोग उत्पन्न करितात. ह्याच कुळातील एका जीवाने १८४५ साली आयर्लंडात बटाट्याचे पीक कुजविले, व पुढील काही वर्षांच्या दुष्काळात सुमारे दहा लक्ष माणसे मेली. ज्या वर्षी रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप नागपुरास आले तेच हे वर्ष. त्या काळी लोकांस वाटे की हवा बिघडली म्हणून पीक गेले. आमच्या गावी लोक म्हणत की बागेस दृष्ट लागली. पाण्यात पोहणारा शत्रू खोडापर्यंत आम्हीच आळे करून पोहोचविला, हे कोणाच्या मनातही आले नाही.

पावसाळ्यात दुसरे एक काम म्हणजे अळ्या वेचणे. कोवळ्या पानावर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखा ठिपका दिसतो. ती विष्ठा नसून लिंबावरील फुलपाखराची लहान अळी असते. मोठी झाली की ती हिरवी होते व एका दिवसात रोपाचा शेंडा खाऊन टाकिते. काकाजींची नात शाळेतून आली की डब्यात साबणाचे पाणी घेऊन अळ्या वेचते, व तिला त्याबद्दल काही पैसे मिळतात. एकदा आम्हीही तासभर वेचल्या. नातीने आमच्याहून तिप्पट वेचल्या.

दसरा-दिवाळीपर्यंत रोपवाटिकेत शहरवासीयांची गर्दी असते, ती झेंडू, शेवंती व गुलाब ह्यांसाठी. त्याविषयी येथे लिहीत नाही. खरी विद्या थंडीत पाहावयास मिळते.

नोव्हेंबर अर्धा सरला की काकाजी जंबेरीची पिकलेली फळे आणितात. जंबेरी म्हणजे जाड, खडबडीत सालीचे आंबट लिंबू. त्याचे फळ कोणी आवडीने खात नाही, परंतु संत्र्याच्या बागेचा पाया तेच होय. काही लोक जंबेरीऐवजी रंगपूर लिंबाचा खुंट घेतात. तो पाण्याचा ताण अधिक सोसतो. फळ कापून बी काढितात, धुऊन सावलीत सुकवितात आणि फार दिवस न ठेविता पेरितात, कारण हे बी पूर्ण वाळले की मरते. गव्हा-ज्वारीप्रमाणे ते कणगीत ठेवून चालत नाही.

तीन-चार आठवड्यांनी बी उगवते, आणि येथे एक विलक्षण गोष्ट दिसते. एका बीपासून कधी दोन, कधी तीन रोपे निघतात. त्यांतील बहुतेक रोपे परागाच्या संयोगावाचून केवळ मातृवृक्षाच्या देहापासूनच झालेली असतात, म्हणून ती आईशी तंतोतंत जुळतात. एखादेच रोप संकराचे असते, व ते बहुधा इतरांहून खुरटे किंवा वेगळ्याच बांध्याचे दिसते. काकाजी वाफ्यावर बसून अशी रोपे उपटून फेकीत होते. आमच्या बंधूंस हळहळ वाटली, ते म्हणाले, "काकाजी, जगलेले रोप कशाला टाकता?" काकाजी म्हणाले, "आज टाकलं त माहे दोन रुपये गेले. नाई टाकलं त तुमची सहा वर्षं जातीन." आम्ही पाहिले की त्या एका वाफ्यातून त्यांनी पाचवा हिस्सा रोपे काढून टाकिली. जो विकणारा स्वस्त विकतो तो हा पाचवा हिस्सा टाकीत नसेल, असा तर्क आमच्या बंधूंनी परत येताना वाटेत केला, आणि तो आम्हांस खोटा वाटत नाही.

त्याच दिवसांत, आधल्या वर्षी पेरिलेल्या खुंटांवर डोळे बांधण्याचे काम चालते. खुंट शिसपेन्सिलीएवढा जाड झालेला असावा लागतो. काकाजी उकिडवे बसतात, जमिनीपासून एक वीत मोजितात, आणि तेथे सालीस एक आडवी व तिच्या मध्यापासून खाली एक उभी चीर देतात. ज्या संत्र्याच्या झाडाची फळे त्यांनी अनेक वर्षे पाहिलेली आहेत त्याच्या गोल काडीवरून एक डोळा, सुमारे इंचभर सालीसह, ढालीच्या आकाराचा कापून घेतात. खुंटाची साल नखाने उचलून तो आत सरकवितात व प्लास्टिकच्या पट्टीने बांधितात. हे सर्व होण्यास आम्ही हे वाक्य लिहिण्यास जितका वेळ घेतला त्याहून कमी वेळ लागतो. कापलेल्या भागास बोट लावीत नाहीत. सुरी वारंवार पुसतात. थंडीची कडक लाट आली की साल सुटत नाही व काम थांबते. येथे २९ डिसेंबर २०१८ रोजी उष्णतामान ३.५ अंशांपर्यंत उतरले होते. तशा दिवसांत काकाजी शेकोटीपाशी बसून जुन्या बागांच्या गोष्टी सांगतात.

डोळा लागला की नाही हे ओळखण्याची खूण अशी. डोळा काढिताना पानाचा देठ त्यावर ठेविलेला असतो. दोन-तीन आठवड्यांनी त्या देठास हळूच बोट लाविले असता तो सहज गळून पडला व डोळा हिरवा राहिला, तर कलम जगले. देठ वाळून चिकटून राहिला, तर ते मेले. आमच्यासमोर काकाजींनी तपासलेल्या रांगेत दहांपैकी आठ जगले होते, व त्यावर ते नाखूष होते.

डोळा फुटून कोंब वाढू लागला की वरचा खुंट छाटून टाकितात. त्यापुढे खालच्या खुंटास जी फूट येते ती सतत काढावी लागते. ती जोमदार असते, तीन-तीन पानांची नसून साधीच दिसते, म्हणून अजाण मनुष्य ती कौतुकाने वाढवितो. आणि मग वरचे संत्रे दबून जाते व बागेत जंबेरीच पिकते. असा एक मळा आम्ही स्वतः पाहिला आहे.

येथे उपदेशक बंधूंसाठी एक सूचना करितो. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात जैतुनाच्या कलमाचा दृष्टांत आहे. त्यावर बोलताना आमच्यापैकी पुष्कळ जण माळ्याच्या कामाचे वर्णन करितात आणि गोंधळ करून ठेवितात. माळी रानटी झाड खाली ठेवितो व चांगल्या झाडाचा डोळा वर बसवितो. प्रेषिताने सांगितलेले ह्याच्या अगदी उलट आहे. रानटी फांदी चांगल्या झाडावर बसविली असे तो म्हणतो, व हे निसर्गाविरुद्ध आहे हेही तोच सांगतो. दृष्टांताचे सारे बळ त्या उलटेपणात आहे. काटोल-वरूडच्या मंडळीपुढे हे न समजता बोलल्यास मागच्या बाकावरील शेतकरी मनात हसेल, व त्याचे हसणे योग्यच असेल.

खुंटाचे महत्त्व किती असते ह्याचे एक मोठे उदाहरण दक्षिण अमेरिकेत घडले. ब्राझील व आर्जेंटिना ह्या देशांत संत्र्याच्या बागा बहुतेक आंबट नारिंगाच्या खुंटावर होत्या, व तो खुंट डिंक्यास दाद देत नाही म्हणून सर्वांचा आवडता होता. १९३० नंतर तेथे मावा किडीने पसरणारा एक विषाणुरोग आला. त्याने नेमका त्याच खुंटावरील सांध्याचा घात केला, आणि लक्षावधी झाडे वाळली. लोकांनी त्या रोगाचे नाव त्रिस्तेझा, म्हणजे दुःख, असे ठेविले. ज्यांचे खुंट दुसरे होते त्यांच्या बागा तगल्या. वरचे फळ तेच, पाने तीच. भेद होता तो जो भाग कोणी पाहत नाही त्यात.

फेब्रुवारीत आंबिया बहराची फुले आली. मातृवृक्षांजवळ उभे राहिले की वास अंगावर येई. त्या महिन्यात आम्ही कामाने एकदाच जाऊ शकलो.

उन्हाळ्याविषयी मात्र विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण ज्या उन्हास आपण शिव्या देतो त्याकडून काम करून घेण्याची रीत तेथे पाहिली. एप्रिलच्या अखेरीस काकाजींनी पुढील वर्षाच्या पिशव्यांसाठी माती, वाळू व कुजलेले शेणखत ह्यांचे मिश्रण उघड्या अंगणात पसरविले. त्यावर पाणी शिंपडून ते ओले केले, वर पातळ पारदर्शक प्लास्टिकचा कागद अंथरिला आणि कडा मातीने दाबून टाकिल्या. सहा आठवडे त्यास हात लाविला नाही. उन्हाने आत इतकी उष्णता साठते की रोगाचे जंतू, सूत्रकृमी व तणाचे बी ह्यांचा बराच नाश होतो. माती ओली असावी लागते, कारण ओल्या मातीत उष्णता खोल जाते, आणि कागद पारदर्शकच असावा लागतो. आमच्या बंधूंनी घरी काळा कागद वापरण्याचा विचार केला होता. काळा कागद स्वतः तापतो, ऊन खाली जाऊ देत नाही. ही रीत खर्चिक नाही, व मे महिन्याचे ऊन नागपुरास फुकट मिळते. अमरावती रस्त्यावर १९८५ साली स्थापन झालेली लिंबूवर्गीय फळांची जी केंद्रीय संशोधन संस्था आहे, ती ह्याच मार्गाची शिफारस करिते व रोगमुक्त कलमेही विकते. ज्यांस नागपुरास येणे होते त्यांनी ती संस्था अवश्य पाहावी.

त्याच उन्हात आमच्या बंधूंनी आपल्या शेतात खड्डे खणले. सहा-सहा मीटर अंतरावर, पाऊण मीटर लांब, रुंद व खोल. जमीन काळी व भारी असल्यामुळे पाणी निघून जावे म्हणून उताराच्या दिशेने चरही काढिला. खड्डे महिनाभर उन्हात उघडे ठेविले. त्यांच्या मुलाने प्रत्येक खड्ड्यापाशी खुंटी रोविली.

बोर्डोमलम करण्याची रीतही काकाजींनी त्यांस ह्याच वेळी दाखविली. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. दोन्ही निरनिराळ्या भांड्यांत भिजवून मग एकत्र करावयाचे. भांडे लोखंडाचे नको, मातीचे किंवा प्लास्टिकचे असावे. तयार झाल्यावर त्यात स्वच्छ विळा बुडवून पाहावा. त्यावर तांबूस पुट चढले तर चुना कमी आहे असे समजून आणखी घालावा. झाड मोठे झाले की पावसाळ्यापूर्वी एकदा व नंतर एकदा खोडास जमिनीपासून मीटरभर उंचीपर्यंत हा लेप द्यावयाचा. ह्या औषधाचा शोध मौजेचा आहे. फ्रान्समधील बोर्डो प्रांतात रस्त्याकडेचे शेतकरी वाटसरूंनी द्राक्षे चोरू नयेत म्हणून वेलींवर मोरचूद व चुना फासून ठेवीत. १८८० नंतरच्या काळात मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाच्या लक्षात आले की फासलेल्या वेली केवड्या रोगातून वाचल्या आहेत. चोरांसाठी केलेला उपाय बुरशीस लागू पडला.

आळ्याविषयी काकाजींचे म्हणणे असे की, खोडाभोवती एक लहान वर्तुळ कोरडे ठेवावे व त्याबाहेर दुसरे वर्तुळ करून पाणी त्या दोहोंच्या मध्ये द्यावे. पाणी मुळांस मिळावे, खोडास लागू नये. हे ऐकताना आम्हांस आमच्या वडिलांचे, हातात फावडे घेऊन खोडापाशी उभे राहिलेले रूप आठवले, व आम्ही थोडा वेळ बाहेर जाऊन उभे राहिलो.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, दोन चांगले पाऊस होऊन जमीन थंड झाल्यावर, आमचे बंधू पुन्हा आले. बरोबर त्यांची पत्नी व मुलगा होते. रुपये तेच होते, कलमांचा भाव मात्र हातगाडीच्या जवळजवळ दुप्पट. बाईंनी तो ऐकून नवऱ्याकडे पाहिले. काकाजींनी आपला परवाना दाखविला. महाराष्ट्रात फळझाडांच्या रोपवाटिकांसाठी १९६९ सालापासून कायदा आहे, व कलम विकणाऱ्याने परवाना घेतला पाहिजे आणि खुंट कोणता व डोळा कोठला ह्याची नोंद ठेविली पाहिजे. ज्यास हे विचारिल्यावर राग येतो त्याच्याकडून घेऊ नये, एवढे आम्ही वाचकांस सांगतो. पावती घ्यावी, ती जपून ठेवावी. फळ दिसण्यास पाच-सहा वर्षे लागतात, आणि तोवर विकणाऱ्याचा चेहराही आठवत नाही.

मग निवड सुरू झाली. बाईंनी एक पिशवी कडेने हळूच उघडून मुळे पाहिली. पांढरी, बारीक, पुष्कळ तंतूंची मुळे असावीत. तपकिरी व साल सुटणारी असतील तर ते रोप परत. पाने एकसारखी हिरवी. खोड सरळ, दोन फूट उंच. सांध्यावर डिंकाचा ठिपकाही नको. सांधा मातीपासून किती वर आहे हे मोजण्यासाठी आम्ही घरून लाकडी पट्टी नेली होती, परंतु तिची गरज पडली नाही. बंधूंनी प्रत्येक पिशवीपाशी वाकून, मातीवर अंगठा टेकून हाताची वीत पसरली. करंगळी सांध्यापर्यंत पोहोचली नाही किंवा जेमतेम टेकली, तर रोप उजवीकडे ठेवावयाचे. करंगळी सांध्याच्या वर गेली, तर डावीकडे. मुलगा मोजीत होता. एकशे त्र्याण्णव रोपे पाहिल्यावर दीडशे पुरी झाली.

काकाजी डावीकडील त्रेचाळीस रोपांकडे पाहत होते. आम्हांस वाटले की ते रागावले. ते म्हणाले, "पोट्ट्याले शिकवा जी हे मोजणं. लावतानी बी मोजा लागते, मातीत दबू देऊ नका." मुलाने लगेच आपली वीत काढून दाखविली. ती लहान होती, सांध्याच्या दोन बोटे खालीच संपत होती, म्हणून काकाजींनी त्याच्या करंगळीपुढे आपली दोन बोटे ठेवून त्यास हिशेब समजावून दिला. मग कलमे गाडीत चढविली, वर ओले पोते पसरले, आणि पाऊस येण्याच्या आत ती मंडळी काटोलच्या रस्त्यास लागली.